तळे, होडी आणि सरकार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बनशंकरी येथे दिलेले व्याख्यान. बोलण्याच्या ओघात आलेली काही पुनरुक्ती गाळली आहे.)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत माझ्यासारख्या निवृत्त अभियंत्यास उभे करण्यात कार्यकारिणीने मोठेच धाडस केले आहे. काल याच व्यासपीठावरून आपण संतसाहित्याविषयी ऐकलेत. उद्या नाट्यसंगीताची मैफल आहे. आणि या दोन रसाळ दिवसांच्या मध्ये मी होड्या, तळी आणि सरकारी नियम घेऊन आपल्यासमोर उभा आहे. पंगतीत कोशिंबिरीला जेवढा मान असतो तेवढा या विषयाला द्यावा, एवढीच विनंती.

खरे सांगायचे तर विषय मी शोधला नाही, तोच माझ्या दारी चालत आला. गेल्या उन्हाळ्यात आमच्या वसाहतीतील काही उत्साही मंडळींनी एक अर्ज तयार केला. जवळच्या तळ्यात मुलाबाळांसाठी पायडलच्या होड्या सुरू कराव्यात, तळ्याकाठी एक लहानसा धक्का आणि खाद्यपदार्थांचे एक दुकान असावे, अशी त्यात मागणी होती. अर्ज घेऊन येणाऱ्यांत आपल्या मंडळाचे तिघे होते. मी चहाचा कप हातात धरूनच सही केली. अर्ज वाचला मात्र नाही. आयुष्यभर इतरांना ‘वाचल्याशिवाय सही करू नका’ असे बजावत आलेल्या माणसाने हे करावे, याची आज मला लाज वाटते.

त्याच दिवशी संध्याकाळी फिरायला गेलो असता आमच्या शेजारचे एक वयोवृद्ध कन्नड गृहस्थ भेटले. ही वसाहत उठण्यापूर्वी येथे जे खेडे होते, त्या खेड्यातले त्यांचे मूळ घराणे. त्यांचे पूर्वज गावचे नीरगंटी. नीरगंटी म्हणजे तळ्याचे पाणी कोणाच्या शेतात किती वेळ सोडायचे हे ठरवणारा, आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखा मनुष्य. त्यांनी अर्जावर सही करायचे नाकारले होते. मी कारण विचारले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘‘सर, होडी तुमची, हौस तुमची. खालचे पाणी कोणाचे, ते एकदा विचारून या.’’

मी विचारायला निघालो, आणि आठ महिने विचारतच राहिलो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या आठ महिन्यांचा हिशेब आहे.

मी होडीचा शत्रू नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शिकलो. तेथल्या बोट क्लबाची रेगाटा १९२८ पासूनची. या सभागृहात तेथले आणखी चार-पाचजण सहज असतील आणि त्यांच्या तळहातांना वल्ह्याचे घट्टे अजून आठवत असतील. संध्याकाळी संगमाजवळच्या पाण्यावर रांगेने निघालेल्या होड्या, काठावर दाटलेले अर्धे पुणे आणि शेवटी मशालींचा तो खेळ! ज्याने तरुणपणी हे पाहिले, तो ‘पाण्यावर माणसाने जाऊच नये’ असे कधी म्हणणार नाही. उलट, पाण्याच्या प्रेमात पडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्यावरून वल्हवत जाणे, असे माझे आजही मत आहे. परंतु अलीकडे एकदा पुण्यास गेलो असता मुद्दाम तेथे जाऊन उभा राहिलो. पात्र जलपर्णीने झाकले होते आणि वाऱ्याबरोबर जो वास येत होता, त्याचे वर्णन या सभेत न केलेले बरे. होडीने नदी खराब केली नव्हती. नदीच्या खराबीने होडी अडवली होती. हा क्रम ध्यानात ठेवावा; पुढे उपयोगी पडेल.

आता बेंगळुरूकडे वळू. या नगराला मोठी नदी नाही. १५३७ मध्ये केंपेगौडांनी ते वसवले, आणि पुढे १६३८च्या सुमारास शहाजीराजांच्या जहागिरीचे हे ठाणे झाले, हे आपण मराठी मंडळी अभिमानाने सांगतो. परंतु त्या ठाण्याला पाणी कोठून मिळत होते, हे सांगायला आपण सहसा विसरतो. ते तळ्यांतून मिळत होते. ही तळी निसर्गाने दिलेली नाहीत, ती माणसांनी बांधलेली आहेत. उंचावरच्या तळ्याचा सांडवा वाहू लागला की पाणी कालव्याने खालच्या तळ्यात, तेथून आणखी खालच्या तळ्यात, अशी साखळी. त्या कालव्यांना येथे राजकालुवे म्हणतात. वृषभावती, कोरमंगल-चल्लघट्टा आणि हेब्बाळ अशा तीन मोठ्या खोऱ्यांतून ही साखळी उतरत जाते. वृषभावतीचा उगम आपल्या बसवनगुडीतील नंदीच्या देवळापाशी मानतात. आज तिच्या काठाने जाताना मोटारीच्या काचा वर कराव्या लागतात, ही गोष्ट वेगळी.

१८९०च्या दशकात हेसरघट्ट्याचे पाणी नळाने आले आणि १९७४ मध्ये कावेरी आली. नळ आला तसे तळे पोरके झाले. धर्मांबुधी तळ्यावर आज केंपेगौडा बसस्थानक आहे. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण आहे. कोरमंगलच्या एका तळ्याच्या जागी राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी निवासी वसाहत झाली. जे तळे शेतीला नको, पिण्याला नको, त्याचे करायचे काय, असा प्रश्न पडला की नगररचनाकाराला दोनच उत्तरे सुचतात: एक तर बुजवा, नाही तर शोभेला ठेवा. या शोभेच्या पोटातूनच नौकाविहाराचा जन्म होतो. म्हणून होडीचा द्वेष करण्यापूर्वी हेही मान्य केले पाहिजे की, हलसूरसारखी काही तळी लोकांच्या डोळ्यांसमोर राहिली त्याला तेथला नौकाविहारही काही अंशी कारण आहे. सरकारी पर्यटन महामंडळाच्या होड्या तेथे चालल्या, आणि मद्रास सॅपर्सच्या जवानांनी त्याच पाण्यावर सराव केला. ज्या तळ्यावर माणसे जातात ते तळे एका रात्रीत बुजवता येत नाही.

पण मग त्या नीरगंटीच्या वंशजाचा प्रश्न: खालचे पाणी कोणाचे?

राज्यघटनेची सातवी अनुसूची मी पहिल्यांदा या निमित्ताने नीट वाचली. पाणी, जलसंचय, कालवे हा विषय राज्यांच्या यादीत आहे. अंतर्गत जलमार्ग आणि त्यांवरील वाहतूक हीही बहुतांशी राज्यांकडेच आहे. परंतु होडीला यंत्र बसले की ती समवर्ती यादीत जाते, म्हणजे तेथे केंद्राचाही हात पोचतो. १९१७ चा जुना अंतर्गत नौका कायदा आणि त्याची जागा घेणारा २०२१ चा नवा कायदा हे मुख्यतः यांत्रिक नौकांचे आहेत. वल्ह्याची किंवा पायडलची होडी जवळजवळ सर्वस्वी राज्याच्या आणि स्थानिक संस्थेच्या विवेकावर सोडलेली आहे. ‘विवेक’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. नियम नसले की विवेकाची परीक्षा होते.

प्रदूषणाचे पाहू. १९७४ चा जलप्रदूषण कायदा संसदेने केला तो काही राज्यांनी तसे ठराव केल्यावरून, कारण पाणी हा राज्यांचा विषय. त्या पहिल्या राज्यांत कर्नाटक होते. महाराष्ट्र नव्हता, महाराष्ट्राने १९६९ मध्येच आपला स्वतंत्र कायदा केला होता आणि केंद्रीय कायदा पुढे १९८१ मध्ये स्वीकारला. आपल्या मूळ राज्याने या बाबतीत पाच वर्षे आघाडी घेतली होती, हे ऐकून आपल्याला बरे वाटेल, म्हणून सांगितले. नद्यांची स्थिती पाहता त्या आघाडीचे पुढे काय झाले हे मात्र विचारू नये.

या कायद्यान्वये केंद्रीय मंडळाने पाण्याचे उपयोगानुसार पाच वर्ग पाडले. ‘अ’ वर्गाचे पाणी जंतुनाशन करून थेट पिण्यास योग्य, ‘ब’ आंघोळीस व पोहण्यास, ‘क’ प्रक्रिया करून पिण्यास, ‘ड’ मासे आणि वन्यजीवांस, ‘ई’ शेतीस व कारखान्यांत थंडाव्यासाठी. ‘ब’ वर्गासाठी विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम हवा, ‘ड’साठी ४. कर्नाटकाचे प्रदूषण नियंत्रण मंडळ शहरातील तळ्यांची नियमित तपासणी करते आणि बहुसंख्य तळी ‘ड’ किंवा ‘ई’ वर्गात पडतात. आता गंमत पाहा. या पाच वर्गांत होडीला जागाच नाही! समुद्राच्या पाण्यासाठी जे वर्ग आहेत, त्यांत अंगाला पाणी लागणारी करमणूक आणि अंगाला न लागणारी करमणूक असा भेद केलेला आहे. तळ्याच्या पाण्यासाठी तो नाही. ‘ई’ वर्गाच्या पाण्यावर मुलांना होडीत बसवावे की नाही, याचे सरळ उत्तर मला या वर्गवारीत सापडले नाही. पायडलच्या होडीत बसलेले सहा वर्षांचे मूल पाण्यात हात घालणार नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी सहा वर्षांचे मूल पाहिलेले नाही.

याहून मोठे आश्चर्य पाणथळ जागांच्या नियमांत आहे. २०१० साली केंद्राने प्रथम असे नियम केले. त्यांत यांत्रिक होड्या चालवणे आणि होड्यांसाठी धक्का बांधणे, ही दोन्ही कामे राज्य सरकारच्या पूर्वसंमतीनेच करता येतील असे म्हटले होते. २०१७ मध्ये ते नियम बदलले आणि बराचसा अधिकार राज्यांच्या पाणथळ प्राधिकरणांकडे आला. नव्या नियमांत सरासरी उच्च पूररेषेपासून ५० मीटरच्या आत कायमचे बांधकाम करण्यास मनाई आहे. अपवाद एकच, होड्यांचा धक्का. बाकी सर्वांना दार बंद आणि होडीला मात्र खिडकी उघडी! तरीही ते असो. खरी मेख पुढे आहे. हे नियम ज्या जलाशयांना लागूच होत नाहीत, त्यांत मनुष्याने सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी खास बांधलेले जलाशय येतात. आणि बेंगळुरूची तळी कशासाठी बांधली होती? भाताच्या शेतीसाठी. ज्या शेताचा आज मागमूस नाही, त्या शेताच्या नावावर तळे नियमाबाहेर राहते. त्या वृद्ध गृहस्थांना मी हे समजावून सांगितले तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

अर्थात कर्नाटकाचा स्वतःचा कायदा आहे. १९८५ साली सरकारने लक्ष्मण राव समिती नेमली. तळी बुजवू नयेत, त्यांचे संरक्षण करावे आणि त्यासाठी ती वनखात्याकडे द्यावीत, असे तिने सुचवले. २००२ मध्ये सरोवर विकास प्राधिकरण स्थापन झाले, २०१४ मध्ये तळ्यांच्या संवर्धनासाठी कायदा झाला, आणि २०१८ मध्ये जुने प्राधिकरण त्या कायद्याखालच्या नव्या प्राधिकरणात विलीन झाले. कागदावर हे सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात आमच्या एका तळ्याच्या संदर्भात मी किती दारे ठोठावली त्याची मोजदाद केली, तर जमिनीची मालकी एकाकडे, तळ्याची देखभाल दुसऱ्याकडे, त्यात येणाऱ्या सांडपाण्याची जबाबदारी तिसऱ्याकडे, मासे धरण्याचा ठेका चौथ्याकडे, पाण्याची तपासणी पाचव्याकडे आणि होड्यांचा उत्साह सहाव्याकडे. एका कार्यालयात मला सांगण्यात आले की, होडीस त्यांची हरकत नाही, कारण होडी त्यांच्या अखत्यारीतच येत नाही. दुसऱ्या कार्यालयातील भल्या गृहस्थांनी माझा अर्ज अतिशय आदराने स्वीकारला आणि ज्या कार्यालयातून मी आलो होतो तेथेच पाठवून दिला. मध्यंतरी २००७ पासूनची बृहत् बेंगळुरू महानगरपालिका २०२५ मध्ये विसर्जित होऊन तिच्या जागी पाच महानगरपालिका आल्या, त्यामुळे माझ्या कागदाला पुन्हा नवा पत्ता शोधावा लागला.

याच शहराने एक मोठा धडा घेतलेला आहे. तो जरा विस्ताराने सांगतो, कारण आमच्या अर्जातील ‘धक्का आणि खाद्यपदार्थांचे दुकान’ या शब्दांचा अर्थ मला त्यावरून कळला. सरोवर विकास प्राधिकरणाने काही तळी खासगी कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याचे धोरण आखले. हेब्बाळ, नागवार, अगर आणि वेंगय्यनकेरे ही त्यांतील नावे. कल्पना अशी की, सरकारजवळ पैसा नाही. कंपनीने तळे स्वच्छ करावे, राखावे आणि त्याच्या बदल्यात नौकाविहार, उपाहारगृह, करमणूक यांतून उत्पन्न मिळवावे. वाचताना यात काही वावगे वाटत नाही. मी नोकरीत असतो तर कदाचित शिफारसही केली असती. परंतु तळ्यावर गुरे आणणारा, गवत कापणारा, मासे धरणारा, सकाळी फिरायला येणारा आणि हिवाळ्यात हजारो मैलांवरून येणारा पक्षी यांतील कोणीही तिकीट काढणारा नव्हता. जेथे उत्पन्न हे संरक्षणाचे साधन म्हणून सुरू होते, तेथे संरक्षण हळूहळू उत्पन्नाचे साधन होऊन बसते.

२००८ साली एन्व्हायर्नमेंट सपोर्ट ग्रुप या संस्थेने कर्नाटक उच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने न्यायमूर्ती एन. के. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने २०११ मध्ये अहवाल दिला, आणि एप्रिल २०१२ च्या निकालात तळी ही सार्वजनिक विश्वस्त निधीसारखी आहेत, सरकार त्यांचे विश्वस्त आहे, मालक नव्हे, ही भूमिका न्यायालयाने ठामपणे घेतली. तळ्यांच्या रक्षणासाठी जिल्हावार समित्या नेमण्यासही सांगितले. ‘पाणी कोणाचे’ याला मला मिळालेले पहिले स्पष्ट उत्तर हेच. ते सरकारी कार्यालयातून नव्हे, निकालपत्रातून मिळाले.

काठाच्या मोकळ्या पट्ट्याचे मात्र अजून ठरायचेच आहे. नगरविकास आराखड्याने तळ्याभोवती ३० मीटर ठेवले होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ४ मे २०१६ रोजी ते ७५ मीटर केले. सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी तो वाढीव पट्टा रद्द केला, कारण कायद्याने केलेल्या आराखड्याचे अंतर न्यायाधिकरणास बदलता येत नाही. २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तळ्याच्या आकारानुसार कमी-अधिक पट्टा ठेवण्याचे विधेयक संमत केले, आणि त्यावर तज्ज्ञांनी कडाडून टीका केली. लहान तळे म्हणून लहान पट्टा, हे तर्काला धरून दिसते. पण साखळीतले लहान तळे गेले की खालच्या मोठ्या तळ्यात पुराचे पाणी आणि गाळ दोन्ही येतात, हे बेंगळुरूकरांना पावसाळ्यात कोणी शिकवावे लागत नाही.

आता थोडे होडीच्या शास्त्राविषयी. सगळ्याच होड्या एका माळेचे मणी नव्हेत. जुन्या पद्धतीचे दोन-स्ट्रोक इंजिन आपल्या इंधनाचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग न जाळता तसाच पाण्यात सोडते. वेगाने जाणाऱ्या यांत्रिक होडीच्या लाटा काठाची माती सोडवतात. आपली तळी उथळ. त्यामुळे तळाचा गाळ ढवळला जातो आणि त्यात साचलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात येऊन शेवाळ माजते. टिबुकली नावाचा एक चिमुकला पाणपक्षी आपले घरटे पाण्यावरच तरंगते ठेवतो. एक जोरकस लाट आली की अंडी गेली. पायडलच्या होडीने यांतले बहुतेक काही होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिचा उपद्रव दुसरा आहे. ती वेळीअवेळी, कोठेही, अगदी लव्हाळ्यात शिरते आणि तिच्यामागून धक्का, धक्क्यामागून दुकान, दुकानामागून दिवे आणि गाणी येतात.

म्हणून शहाण्या राज्यांनी ‘होडी हवी की नको’ असा प्रश्न न विचारता ‘कोणती, कोठे, केव्हा’ असा विचारला आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले कॅलिफोर्नियात आहेत आणि टाहो सरोवराची छायाचित्रे आपण कौतुकाने पाहतो. ते सरोवर दोन राज्यांत विभागलेले. कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांनी १९६९ मध्ये करार करून त्यासाठी एक संयुक्त संस्था नेमली, आणि त्या संस्थेने १ जून १९९९ पासून बहुतेक जुन्या कार्ब्युरेटरच्या दोन-स्ट्रोक इंजिनांना सरोवरात बंदी केली. होड्या बंद केल्या नाहीत; इंजिने बदलायला लावली. आपल्याकडे नैनितालच्या तळ्यात वल्ह्याच्या, पायडलच्या आणि शिडाच्या होड्या चालतात. यंत्राच्या चालत नाहीत. म्हणून तेथला पर्यटक परत फिरल्याचे कोणी ऐकले नाही.

फार लांब कशाला? मंडळाच्या सहली रंगनतिट्टूला कितीदा गेल्या आहेत! १९४० साली डॉ. सलीम अली यांनी म्हैसूर संस्थानाकडे शब्द टाकला आणि कावेरीतील ती बेटे पक्ष्यांसाठी राखली गेली. तेथे वनखात्याचेच नावाडी, वल्ह्याच्या होड्या, ठरलेला मार्ग, ठराविक अंतर. झाडांवर करकोचे आणि चमचे, खडकावर जबडा उघडून पडलेली मगर, आणि होडीतील आपली एरवी कधीही गप्प न बसणारी मंडळी चिडीचूप! आठवते ना? कोणी फलक लावला म्हणून आपण गप्प बसलो नव्हतो. नावाड्याने वल्हे थांबवून ओठांवर बोट ठेवले होते. माझ्या दृष्टीने नियमनाचा तो सर्वोत्तम नमुना आहे. नियम करणारे खाते, होडी चालवणारे खाते आणि पक्ष्यांना जबाबदार असलेले खाते तेथे एकच आहे. आमच्या तळ्यावर ती सहा आहेत.

महाराष्ट्राचेही एक उदाहरण देतो, कारण त्यात होडीला दुसरी बाजू आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाने जावळी खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली. उरलेल्या गावांना दळणवळणासाठी होडीशिवाय गत्यंतर नव्हते. बामणोली आणि तापोळ्याचे आजचे नौकाविहार याच लोकांनी उभे केले. पुढे तो परिसर कोयना अभयारण्यात आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आला. वासोट्याला जायचे तर बामणोलीहून होडी, पलीकडे वनखात्याची परवानगी, संध्याकाळपूर्वी परत येण्याचे बंधन आणि नेलेल्या प्लास्टिकच्या वस्तूंची मोजणी. आमच्या तरुणपणी हे काही नव्हते आणि गडावर जो कचरा दिसे तो शब्दांत सांगवत नाही. येथे नियम झाले आणि होडीही टिकली. परंतु ज्याचे शेत सरकारने पाण्याखाली घातले, त्याला त्याच पाण्यावर होडी चालवण्यासाठी परवाना मागावा लागतो, हे विसरून कोणी पर्यावरणाचा कैवार घेऊ लागला तर तो अर्धाच न्याय होईल. मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला तो याच कारणाने. त्यांना विचारलेच नव्हते. पुढे त्याच किनाऱ्यावर पर्यटकांना समुद्राखालचे प्रवाळ दाखवून अनेक घरे चालू लागली, तेव्हा प्रवाळ जपण्याची गरज कोकणी माणसाला कोणी पटवावी लागली नाही.

आता आपल्या घरच्या गोष्टीवर येतो. काही मंडळींना माझे बोलणे रुचणार नाही याची कल्पना आहे. परप्रांतातल्या तळ्याविषयी आपण कशाला बोलावे, असेही मला खासगीत सांगण्यात आले. पण पन्नास वर्षे आपण येथले पाणी पीत आहोत. आपल्या मंडळाचा गणपती कित्येक वर्षे तळ्यात विसर्जित होत असे. पुढे यडियूर, सँकी, हलसूर अशा ठिकाणी तळ्याच्या कडेला विसर्जनासाठी वेगळ्या कल्याणी झाल्या, प्लास्टरच्या मूर्तींना मनाई झाली. तेव्हा आपल्या कार्यकारिणीच्या बैठकीत केवढे रणकंदन झाले होते, ते येथे बसलेल्या ज्येष्ठांना आठवत असेल. ‘धर्मात ढवळाढवळ’ येथपर्यंत शब्द गेले होते आणि ते शब्द वापरणाऱ्यांत मीही होतो. आज कोणाला शाडूची मूर्ती आणि कल्याणी खटकते? आपण आरती तेवढ्याच जोरात म्हणतो. ज्या पाण्यात गणपती सोडायचा नाही असे आपण मान्य केले, त्या पाण्याविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला त्या दिवशीच मिळाला, असे मी समजतो.

तर त्या अर्जाचे काय झाले? मी सही मागे घेतलेली नाही. मागे घेतली असती तर माझे नाव तेवढे कमी झाले असते आणि अर्ज तसाच पुढे गेला असता. अर्ज घेऊन आलेल्या तिघांना मी घरी बोलावले. त्या कन्नड गृहस्थांनाही बोलावले. दोन संध्याकाळी कडाक्याचा वाद झाला. एका तरुण मातेने विचारले, ‘‘आजोबा, तुम्ही पुण्यात वल्हवलंत, मग आमच्या मुलांनी फक्त मोबाइलवरच होड्या बघायच्या का?’’ या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि अजूनही पुरते नाही. शेवटी अर्ज नव्याने लिहिला गेला, कन्नडमध्ये. त्यात पहिली मागणी अशी की, तळ्यात येणारे सांडपाणी कोठून येते याची पाहणी करून ते वळवावे. दुसरी अशी की, पाण्याच्या तपासणीचा अहवाल दर महिन्याला तळ्याच्या फाटकावर कन्नडमध्ये लावावा. पाणी सलग एक वर्ष ‘ब’ वर्गात राहिले तरच होड्या. त्याही वल्ह्याच्या वा पायडलच्या, तळ्याच्या एकाच बाजूस, पक्ष्यांच्या विणीच्या महिन्यांत बंद, अंगात जीवरक्षक जाकिटाशिवाय कोणी चढायचे नाही आणि नावाडी गावातलाच. धक्का लाकडी असावा, काढून ठेवता येईल असा. दुकानाची मागणी गाळली आहे. त्यावरून एक सभासद माझ्याशी अद्याप बोलत नाहीत. आज ते येथे आले आहेत, हे पाहून आनंद वाटला.

त्या वृद्ध गृहस्थांनी या अर्जावर सही केली. मात्र ‘ब’ वर्ग त्यांच्या हयातीत येईल असे त्यांना वाटत नाही, हेही त्यांनी सही करतानाच सांगितले. अर्जाची एक प्रत बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवली आहे. मराठीत भाषांतरही जोडले आहे. सही करण्यापूर्वी कृपया वाचावी. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता तळ्याच्या सांडव्यापाशी आम्ही काहीजण पाण्याचे नमुने घेण्यासाठी जमणार आहोत. ज्यांना पहाटेची सवय आहे त्यांनी यावे. जुनी पादत्राणे घालावीत, चिखल फार आहे.